भिंतीवरची विमानं: मुंबईत लढाऊ विमानांची चित्रं जमवायची तर

टपाल तिकिटं, नाणी, जुनी घड्याळं जमवणारे मुंबईत ढिगाने भेटतात. लढाऊ विमानांची चित्रं जमवणारा क्वचित भेटतो. त्यामुळे या छंदात नवीन पडलेल्याला विचारायला कुणी नसतं आणि सुरुवात साधारण एकाच तऱ्हेने होते. नेटवर स्पिटफायर या जुन्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं एखादं झकास चित्र दिसतं, खाली ‘लिमिटेड एडिशन’ लिहिलेलं असतं, किंमतही परवडेलशी वाटते, आणि पैसे भरले जातात. घरी येतं ते चकचकीत कागदावरचं पोस्टर. हे टाळायचं तर क्रम उलटा धरा. आधी विमान, मग चित्रातला दिवस, मग कागद. पाकिटाला हात सगळ्यात शेवटी.

पायरी पहिली: विषय बांधून घ्या

‘लढाऊ विमानं’ एवढाच विषय ठेवलात तर बघता बघता घरात डझनभर चित्रं होतात आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नसतो. शिवाय वन बीएचकेमध्ये भिंती किती असतात? एका भिंतीला कपाट, एकीला खिडकी, एकीला टीव्ही. विषय जितका अरुंद, तितकी नजर लवकर तयार होते. मुंबईकराला जवळचे वाटतील असे काही विषय सुचवतो.

सगळ्यात आधी डोळ्यांसमोर येते ती विक्रांत. ४ मार्च १९६१ ला बेलफास्टमध्ये नौदलात दाखल झालेली ही विमानवाहू नौका त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला मुंबईत आली. तिच्यावर सी हॉक ही जेट विमानं होती आणि पाणबुड्या हुडकणारी, पंख्याची अलिझे. १९७१ च्या डिसेंबरात याच विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले चढवले. १९९७ मध्ये ती निवृत्त झाली, मग बरीच वर्षं संग्रहालय म्हणून मुंबईतच उभी होती आणि शेवटी मुंबईच्या दारूखाना भागातल्या जहाजतोडणीच्या यार्डात तिचं भंगार झालं. शाळेच्या सहलीतून तिच्या डेकवर फिरून आलेले कितीतरी लोक आज मोठे झाले आहेत. त्यांना विषय शोधत बसायची गरजच नाही.

दुसरा विषय सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या १३२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं नाव ‘सिटी ऑफ बॉम्बे’ असं होतं. तिच्याकडे स्पिटफायर होती, त्यांच्या अंगावर एफएफ ही अक्षरं रंगवलेली असत. १९४४ मध्ये ती नॉर्मंडीच्या आकाशात लढली, नंतर सिलोनला आली. स्पिटफायरच्या चित्रांचा बाजारात पूर आहे, पण त्यात एफएफ अक्षरांचं विमान शोधायला बसलात तर महिनोन्‌महिने सहज जातात. छंदाला असं काहीतरी हवंच.

तिसरा विषय १९४७-४८ चं काश्मीर. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरच्या धावपट्टीवर सैनिक घेऊन उतरलेली डकोटा ही वाहतुकीची विमानं आणि त्यामागून आलेली टेम्पेस्ट ही लढाऊ विमानं. त्या लढाईत महावीरचक्र मिळवणारे हृषीकेश मुळगावकर मुंबईत जन्मलेले. पुढे १९७६ ते १९७८ ते हवाई दलप्रमुख होते.

नॅट, हंटर, कॅनबेरा, मारुत यांतलं कुठलंही एकच विमान धरूनही संग्रह उभा राहतो. मिग-२१ मात्र सध्या जपून. सप्टेंबर २०२५ मध्ये चंदीगडला त्याला निरोप दिल्यापासून त्याच्या चित्रांना भावनेचा भाव चढला आहे. थोडं थांबलात तर बिघडत नाही.

पायरी दुसरी: विमान जवळून बघून या

वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात मारुत उभं आहे. जर्मनीत फोके-वुल्फ १९० घडवणारे कुर्ट टँक यांनी बंगळुरात बसून हे विमान आखलं आणि १७ जून १९६१ ला त्याने पहिलं उड्डाण केलं. मुलांसाठी तिकडे गेलात तर मुलांना आत खेळू द्या आणि तुम्ही या विमानाभोवती दोन फेऱ्या मारा. नाक किती निमुळतं आहे, हवा आत घेणारी तोंडं कॉकपिटच्या कुठल्या बाजूला येतात, पंख अंगाला नेमका कुठे चिकटतो, चाकं किती बारकी वाटतात, ते पाहा. नॅटमध्ये ऑर्फियस जातीचं एक इंजिन असे, मारुतमध्ये त्याच जातीची दोन. म्हणून शेपटीकडून पाहिलं की दोन नळकांडी शेजारी शेजारी दिसतात. हे एकदा डोळ्यांत बसलं की फोटोवरून घाईघाईत उतरवलेलं चित्र लांबूनच कळतं. पंख पातळ, पण त्याला जाडीच नाही असा काढलेला, किंवा चाकं जमिनीवर टेकलेलीच नाहीत असं काहीतरी.

विक्रांतचा विषय घेतलात तर गोव्याला वास्कोजवळ बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयाला एक अख्खी सकाळ द्या. सी हॉक आणि अलिझे दोन्ही तिथे आहेत.

पायरी तिसरी: चित्रातला दिवस तपासा

ही पायरी नवखे लोक गाळतात. खरी मजा आहे ती इथेच.

विमानाचं चांगलं चित्र म्हणजे ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी, ठरावीक ठिकाणी घडलेली गोष्ट. चित्रकाराने तो दिवस अभ्यासला आहे की नाही, हे दोन-तीन खुणांवरून कळतं. १९७१ ची विक्रांत म्हणून विकायला ठेवलेलं एखादं चित्र घ्या. तिच्या डेकचं पुढचं टोक बघा. ते उताराच्या घसरगुंडीसारखं वर उचललेलं असेल तर चित्र चुकलं. तो उंचवटा सी हॅरियर विमानांसाठी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बसवला. १९७१ मध्ये डेक सपाट होता आणि वाफेच्या कॅटापुल्टने विमान पुढे फेकलं जाई. चित्रकाराने नव्वदच्या दशकातला फोटो समोर ठेवून त्यावर सी हॉक चिकटवली, एवढाच त्याचा अर्थ. त्याच चित्रात सी हॅरियर आकाशात असेल तर मग बोलायलाच नको. ती भारतात आली १९८३ मध्ये.

राजस्थानातल्या लोंगेवालाच्या लढाईचंही तसंच. जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्री लढण्याची सोय नव्हती, म्हणून ५ डिसेंबर १९७१ ला उजाडल्यावरच ती रणगाड्यांवर तुटून पडली. पूर्ण चंद्र, काळं आकाश आणि वरून हंटर रॉकेट सोडतं आहे असं चित्र दिसायला भारी असेल, पण तसं घडलेलं नाही. परमवीरचक्र मिळालेले वैमानिक निर्मलजितसिंग सेखों यांच्या नॅटचं चित्र असेल तर ते १४ डिसेंबरचं श्रीनगर आहे. मागे उन्हाळ्यातली हिरवीगार दरी दिसली की समजायचं, चित्रकाराने तारीख वाचलेली नाही.

पंखांवरच्या गोल चिन्हांकडे तर आधी बघा. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपल्या हवाई दलाच्या विमानांवरच्या चिन्हातला लाल रंग काढून टाकला होता, कारण जपानी विमानांवर लाल गोळा असे आणि आपल्याच माणसांनी आपलंच विमान पाडण्याची भीती होती. तेव्हा १९४४ च्या इम्फाळवरची हरिकेन ठळक लाल ठिपक्यासह रंगवलेली असेल तर तो चित्रकार इंग्लंडातल्या फोटोवरून काम करतो आहे. स्वातंत्र्यानंतर काही काळ या चिन्हात अशोकचक्र होतं. आजचं केशरी-पांढरं-हिरवं वर्तुळ त्यानंतरचं. १९४८ च्या टेम्पेस्टवर आजचं चिन्ह दिसलं तर विकणाऱ्याला एवढंच विचारा, ‘हे कुठल्या फोटोवरून काढलंय?’ उत्तरापेक्षा उत्तर द्यायला लागलेला वेळ जास्त सांगून जातो.

एखादी चूक असली म्हणून चित्र टाकाऊ ठरत नाही. मोठ्या नावांच्याही चुका निघतात. पण चूक माहीत असताना घेणं आणि माहीत नसताना घेणं यात किमतीचा फरक पडतो.

पायरी चौथी: कागद ओळखायला शिका

बाजारात मिळणारा माल ढोबळमानाने चार प्रकारचा असतो. हाताने रंगवलेलं मूळ चित्र. ऑफसेटवर मोजक्या प्रती छापून चित्रकाराने सही केलेली प्रिंट. चांगल्या कागदावर किंवा कॅनव्हासवर पिगमेंट शाईने काढलेली डिजिटल प्रिंट, जिला विक्रेते जिक्ले म्हणतात. आणि साधं पोस्टर. चौथा प्रकार दुसऱ्या किंवा तिसऱ्याच्या नावाखाली विकला जातो, घोळ तिथे होतो.

झवेरी बाजारातून सोनार वापरतात तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. या छंदात याहून उपयोगी हत्यार नाही. ऑफसेट प्रिंटवर भिंग धरलं की चार रंगांच्या ठिपक्यांची नियमित नक्षी दिसते, फुलाच्या पाकळ्यांसारखी. चांगल्या डिजिटल प्रिंटमध्ये ठिपके विस्कळीत, फवारल्यासारखे असतात. मूळ चित्रात ठिपके नसतात. रंगाचे थर असतात, ब्रशच्या केसांचे ओरखडे असतात. कॅनव्हासवर छापून वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारलेला माल ‘हँड पेंटेड’ म्हणून खपवतात. त्यावर भिंग धरा. फटकारे एका दिशेला आणि खालचे ठिपके आपले निवांत वेगळीकडेच.

आता सही. प्रिंटच्या खालच्या समासात पेन्सिलने सही आणि शेजारी अपूर्णांकासारखा आकडा असतो, म्हणजे ८५० पैकी १२५ वी प्रत अशा अर्थाचा. कागद उजेडात तिरका धरा. खऱ्या पेन्सिलला राखाडी चकाकी येते आणि टोक दाबल्याची बारीक चर दिसते. छापलेली सही सपाट असते आणि भिंगाखाली तिचेही ठिपके होतात. चित्राच्या आतल्या कोपऱ्यातली सही बहुतेकदा मूळ चित्राबरोबर छापून आलेली असते. तिला वेगळी किंमत नाही. ‘एपी’ लिहिलेल्या प्रती चित्रकाराने स्वतःसाठी राखलेल्या असतात आणि त्यांना जरा जास्त भाव मिळतो. आकडा जितका लहान तितकी प्रत चांगली, हा समज ऑफसेटच्या बाबतीत खुशाल सोडून द्या. पहिली आणि आठशेवी प्रत एकाच प्लेटवरून निघते.

ब्रिटनमधल्या रॉबर्ट टेलर यांच्यासारख्या चित्रकारांच्या प्रिंटवर चित्रकाराबरोबर त्या लढाईत उडालेल्या वैमानिकांच्याही सह्या असतात. किंमत चढते ती यामुळे, आणि बनावट मालही याच जागी शिरतो. एक साधी खातरजमा अशी: प्रिंट कधी प्रसिद्ध झाली आणि वैमानिक कधी वारला, या दोन तारखा शेजारी शेजारी लिहा. ब्रिटिश वैमानिक डग्लस बाडर सप्टेंबर १९८२ मध्ये गेले. १९९० सालच्या प्रिंटच्या समासात त्यांची पेन्सिलची सही असू शकत नाही. वेगळ्या कागदावरची जुनी सही कापून माउंटमध्ये, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीत, बसवलेली असेल तर गोष्ट निराळी, पण मग तसं स्पष्ट लिहिलेलं हवं.

पायरी पाचवी: शोध

रद्दीच्या दुकानापासून सुरुवात करा. हसू नका. हिंदुस्तान एरोनॉटिक्सची आणि हवाई दलाची जुनी कॅलेंडरं, विमानांवरच्या मासिकांची मधली पानं, फुटलेल्या मॉडेल किटचे खोके असला माल तिथे वजनावर जातो. एअरफिक्स या मॉडेल किटच्या कंपनीच्या खोक्यांवरची रॉय क्रॉस यांची चित्रं तर अभ्यासाला फार चांगली. धूर, वेग, उजेड कसा दाखवावा हे त्या पत्रासारख्या लहान जागेत त्यांनी दाखवलं आहे. ओळखीच्या रद्दीवाल्याला फोन नंबर देऊन ठेवा. विमान दिसलं की तो स्वतः कळवतो, फक्त पहिल्या दोन-तीन वेळा त्याने आणलेला निरुपयोगी मालही गुपचूप विकत घ्यायचा.

चोर बाजारात मटन स्ट्रीटला जायचं तर शुक्रवार सोडून जा. त्या दिवशी दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुम्म्याचा बाजार भरतो, तो वेगळा. फ्रेममधलं पिवळट स्पिटफायर दाखवून दुकानदार म्हणेल, ‘साब, अंग्रेज के जमाने का है, ओरिजिनल.’ भाव विचारायच्या आधी चित्र फ्रेममधून काढून मागची बाजू दाखवायला सांगा. मागे साबणाची किंवा टायरची जाहिरात निघाली तर ते मासिकाचं पान आहे. त्यात वाईट काही नाही. चाळीसच्या दशकातलं पान मलाही आवडतं, पण ते पानाच्या भावात घ्यायचं. आणि फ्रेम उघडू द्यायला तयार नसेल तर चहा पिऊन निघा.

काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीत विमानांचं चित्र टांगलेलं दिसेलच असं नाही, पण प्रदर्शनं सतत बदलत असतात आणि चित्रकार बहुधा आपल्या चित्रांपाशीच बसलेला असतो. धातूची चमक, पाणी, ढग चांगले हाताळणारा कुणी दिसला की बोला. बाहेर फुटपाथवर बसणाऱ्यांतही हात तयार असलेले लोक आहेत. कारण आपल्या विषयावर तयार प्रिंट मिळाली नाही तर चित्र काढून घ्यावं लागतं, आणि माझ्या मते भारतीय विमानांच्या बाबतीत तोच रस्ता चांगला. परदेशी प्रिंटांच्या दुनियेत स्पिटफायर आणि मस्टँग शेकड्यांनी, मारुत आणि अलिझे शोधूनही सापडत नाहीत.

काढून घेताना ‘एक नॅट काढा’ असं सांगू नका. तारीख, वेळ, जागा, विमानाचा क्रमांक, स्क्वाड्रन, सूर्य कुठल्या बाजूला, खाली समुद्र की डोंगर, एवढं कागदावर द्या. बाजूने, वरून आणि पुढून असे किमान तीन फोटो द्या. आधी पेन्सिलचा आराखडा, मग छोटा रंगीत कच्चा नमुना, मग मोठं काम, असे टप्पे ठरवा आणि पैसेही त्याच टप्प्यांनी द्या. आराखड्यातच पंखांचा कोन तपासून घ्या. रंग चढल्यावर कोन बदला म्हणणारा गिऱ्हाईक कुठल्याच चित्रकाराला नको असतो. चित्राच्या प्रती पुढे कोण छापणार, हे लेखी असू द्या. तैलरंगाचं काम असेल तर वाळायला भरपूर वेळ द्या, मुंबईत तर जास्तच. वार्निशची घाई करू नका.

नेटवरून कुठलंही चित्र उतरवून छापून देणाऱ्या दुकानांपासून लांब राहा. मूळ चित्रकाराला दमडी मिळत नाही ते आहेच, शिवाय ए-थ्री आकाराला नीट छपाई हवी तर साधारण ३५०० बाय ५००० पिक्सेलची फाइल लागते आणि ती त्यांच्याकडे नसते.

पायरी सहावी: परदेशातून मागवताना

किमतीत डाकखर्च, सीमाशुल्क, जीएसटी आणि कुरियर कंपनीचं हाताळणी शुल्क मिळवूनच हिशोब करा. दर बदलतात, तेव्हा मागवायच्या दिवशी पाहून घ्या. टपालाने येणारी पार्सलं बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनातून सुटतात, म्हणून विक्रेत्याचं बिल हाताशी ठेवा. पाकिटावर ‘गिफ्ट’ लिहिलं की शुल्क सुटतं, हा समज आता जुना झाला. प्रिंट जाड नळीतून यावी आणि जून ते सप्टेंबर या काळात तर येऊच नये. आली की नळीतून लगेच काढा, स्वच्छ कागदावर पसरा आणि कडांवर पुस्तकं ठेवून दोन दिवस सपाट होऊ द्या. मीटरभराची नळी घेऊन संध्याकाळची विरार फास्ट पकडणाऱ्याला मात्र कुठलाही सल्ला उपयोगी पडत नाही. टॅक्सी करा.

पायरी सातवी: फ्रेम आणि पाऊस

मुंबईत चित्राचा खरा शत्रू पाऊस. जुलैत हवा इतकी ओली असते की कागद लाटांसारखा उठतो, तपकिरी ठिपके पडतात, काचेच्या आत बुरशीची पांढरी जाळी धरते. म्हणून फ्रेमचे पैसे वाचवू नका. फ्रेम चित्रापेक्षा महाग पडली तरी चालेल.

फ्रेमवाल्याला चार गोष्टी स्पष्ट सांगायच्या. माउंट आणि मागचा बोर्ड दोन्ही अ‍ॅसिड-फ्री हवेत, नाहीतर काही वर्षांत चित्राभोवती पिवळी चौकट उमटते. चित्र गोंदाने किंवा सेलोटेपने चिकटवायचं नाही; वरच्या कडेला पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, गव्हाच्या खळीने, बस्स. काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये माउंटची जाडी हवी. आणि प्रिंटचा समास कापायचा नाही. हे शेवटचं दोनदा सांगा. फ्रेमच्या मापात बसत नाही म्हणून सही आणि आकड्यासकट खालची पट्टी कापून टाकणारे कारागीर आहेत, आणि वर ‘साफ करून दिलं’ असं कौतुकाने सांगतात. लेखी लिहून द्या आणि शक्य असेल तर समोर उभे राहा.

घरी भिंत निवडताना बाहेरची, पावसाच्या झडीकडची भिंत टाळा. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमखालची तर नकोच. सोसायटीत गळतीचा निकाल लागेपर्यंत चित्राचा निकाल लागलेला असतो. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना रबराचे गोल तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळती राहते. थेट ऊन येणारी जागा नको. जूनच्या सुरुवातीला आणि दिवाळीच्या साफसफाईत प्रत्येक फ्रेम उतरवून मागची बाजू बघा. कसर लागली असेल तर कडांचा कागद वरवर खरवडल्यासारखा दिसतो. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका. फ्रेम उघडून कागद कोरड्या, हवेशीर जागी ठेवा आणि कागद-संवर्धनाचं काम करणाऱ्याला दाखवा.

न टांगलेल्या प्रिंट पलंगाखाली नळीत ठेवायच्या नाहीत. मोठ्या चपट्या फोल्डरमध्ये, मध्ये अ‍ॅसिड-फ्री कागद घालून, आडव्या ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात बदला.

पायरी आठवी: वही

प्रत्येक चित्राची नोंद ठेवा: चित्रकार, विमान, प्रसंग, प्रतीचा आकडा, कुणाकडून आणि कितीला घेतलं, सह्या कुणाच्या. फ्रेम करण्याआधी पुढून, मागून आणि सहीचा जवळून फोटो काढा, कारण फ्रेम झाल्यावर मागची बाजू दिसत नाही. बिलं आणि प्रमाणपत्रं एका पाकिटात ठेवा, पण ते पाकीट फ्रेमच्या मागे चिकटवू नका. ओल आली तर चित्राबरोबर पुरावाही जातो. विषय पक्का झाल्यावर त्यात न बसणारी सुरुवातीची चित्रं विकावीशी वाटतात. तेव्हा घेणारा पहिला प्रश्न याच पाकिटाबद्दल विचारतो. विक्री दिवाळीनंतर कोरड्या हवेत करा आणि चित्र पाठवताना फ्रेमची काच काढून घ्या.